जागतिक रग्बी परिषदेस खुले पत्र : पन्नासाव्या मिनिटानंतर कोण टिकेल, हे तुमचे वेळापत्रक ठरवते

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जागतिक रग्बी परिषद.

सविनय नमस्कार.

१ ऑक्टोबर २०२७ रोजी ऑस्ट्रेलियात पुरुषांचा अकरावा रग्बी विश्वचषक सुरू होईल. चोवीस संघ, चार-चारांचे सहा गट आणि पहिल्यांदाच सोळा संघांची बाद फेरी. सोडत जाहीर झाल्यापासून रग्बीची आवड असलेला जो भेटतो तो एकच विचारतो : या वेळी कोण?

मी प्रशिक्षक आहे, फॉरवर्ड्सचा, म्हणजे स्क्रममध्ये उतरणाऱ्या पुढच्या आठ खेळाडूंचा. संघांची तुलना करणे हे माझे रोजचे काम. ती करताना मी क्रमवारीपासून सुरुवात करत नाही. सामन्याच्या पन्नासाव्या मिनिटावर जातो आणि तिथून पुढची तीस मिनिटे पाहतो. पहिल्या पन्नास मिनिटांत जगातले बरेच संघ एकमेकांना तोडीस तोड उत्तर देतात. त्यानंतर जे घडते त्याला कारणे असतात. त्या कारणांचा माग काढत गेलो की दर वेळी मी एकाच ठिकाणी येऊन थांबतो : त्या संघाने गेली चार वर्षे कोणाशी, कुठे आणि कितीदा सामने खेळले. हे ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

पन्नासाव्या मिनिटाला नेमके काय होते ते आधी सांगतो. तुमच्यापैकी अनेक जण स्वतः खेळलेले आहेत, पण हे पत्र इतरही वाचतील. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड्स एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलतात. पहिल्या रांगेत, म्हणजे आघाडीत, मधे हूकर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप असतात. उजव्या बाजूच्या प्रॉपला, म्हणजे टाइटहेडला, दोन्ही खांद्यांवर भार घ्यावा लागतो. समोरचा हूकर आणि लूजहेड, म्हणजे डावा प्रॉप, असे दोघे त्याच्यावर चालून येतात. त्याची पाठ सरळ आणि कंबर खांद्यांच्या रेषेत असेल तोवर मागच्या सगळ्यांचा जोर पुढे पोचतो. पाय दमले की आधी एक टाच मागे सरकते. मग कंबर बाहेर वळते, उजवे कोपर खाली येते आणि पंचांचा हात वर जातो. पेनल्टी. तेवढ्या हालचालीत तीन गुण जातात, नाहीतर प्रतिस्पर्धी चेंडू बाहेर मारून आपल्या गोलरेषेजवळ लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू रेषेवरून आत फेकून खेळ सुरू करणे) घेतो आणि बचाव करत बसावे लागते. कितीही मोठा प्रॉप असला तरी ऐंशी मिनिटे तेवढाच ताजा राहत नाही. म्हणून मी बघतो ते त्याच्या जागी येणाऱ्याकडे. तो कोण आहे आणि अशा आघाडीसमोर त्याने याआधी कितीदा मान घातली आहे? सरावाच्या यंत्राला ढकलून ती टाच स्थिर राहायला शिकत नाही. ती शिकते खऱ्या सामन्यात, आपल्याहून बलवान माणसासमोर, आणि बहुतेक वेळा हरत हरत.

दक्षिण आफ्रिकेला मी २०२७ साठी पहिले धरतो ते याच हिशेबाने. २०२३ मध्ये त्यांनी उपांत्यपूर्व सामना फ्रान्सशी २९–२८, उपांत्य सामना इंग्लंडशी १६–१५ आणि अंतिम सामना न्यूझीलंडशी १२–११ असा जिंकला. तिन्ही एकेका गुणाने. अनेकांनी याला नशीब म्हटले. हे सामने मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत आणि मला त्यात नशीब फार थोडे दिसते. फ्रान्सविरुद्ध डेमियन विलेम्सेने स्वतःच्या बावीस मीटरच्या आत उंच आलेला चेंडू झेलला, मार्क घेतला, म्हणजे बिनधोक लाथ मारण्याचा हक्क मिळवला, आणि चेंडू लांब मारून देण्याऐवजी चक्क स्क्रम मागितला. स्वतःच्या गोलरेषेजवळ स्क्रम मागायला आपल्या पहिल्या रांगेवर केवढा विश्वास लागतो! इंग्लंडविरुद्ध शेवटच्या बारा मिनिटांपर्यंत ते ६–१५ असे मागे होते. मात्र ऑक्स एन्चे आणि इतर राखीव मैदानात आल्यापासून इंग्लंडचा स्क्रम मागे सरकू लागला होता. शेवटी स्क्रमवरच पेनल्टी मिळाली आणि हँड्रे पोलार्डने ती जवळजवळ पन्नास मीटरवरून साधली. अंतिम सामन्यात तर त्यांनी आठ राखिवांपैकी सात फॉरवर्ड बसवले.

ती ताकद ओसरलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वेलिंग्टनला मध्यंतरापर्यंत न्यूझीलंड १०–७ असा पुढे होता. सामना संपला तेव्हा फलक होता ४३–१०, दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने. दुसऱ्या अर्धात न्यूझीलंडला एकही गुण मिळाला नाही, आणि हा त्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव ठरला. त्याच नोव्हेंबरात पॅरिस आणि तुरीन या दोन्ही ठिकाणी पहिल्या अर्धातच लाल कार्ड मिळून दक्षिण आफ्रिकेचा एक माणूस कमी झाला. तरी ते फ्रान्सशी ३२–१७ आणि इटलीशी ३२–१४ जिंकले. चौदा जणांनी असे सामने काढायला पहिल्या रांगेचे तीन संच लागतात आणि तिन्ही संच वर्षभर तगड्या आघाड्यांशी झुंजलेले असावे लागतात. त्यांना ती संधी मिळते. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना यांच्याशी वर्षानुवर्षे नियमित गाठ, नोव्हेंबरात युरोप, आणि २०२१ पासून त्यांचे चार प्रांतीय संघ आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीतल्या संघांबरोबर लीग खेळतात.

फ्रान्सला मी दुसरे धरतो. खेळाडूंचा साठा बघितला तर तो कदाचित सर्वांत मोठा असेल. स्थानिक पातळीवर घडलेले खेळाडू संघात ठेवण्याची अट तिथल्या क्लबांवर आल्यापासून तरुणांना जागा मिळाली. २०१८, २०१९ आणि २०२३ ही तीन वीस वर्षांखालील विश्वविजेतेपदे त्याचेच फळ. पण त्यांचा क्लब हंगाम जूनच्या अखेरपर्यंत लांबतो. जुलै २०२५ मध्ये न्यूझीलंडला जाताना बरेचसे मुख्य खेळाडू मागे ठेवावे लागले, तेही याचमुळे. विश्वचषकाच्या वर्षी हा थकवा कसा उतरवायचा, हा त्यांच्या प्रशिक्षकांपुढचा खरा प्रश्न राहील. १९८७, १९९९ आणि २०११ अशा तीन अंतिम सामन्यांत हा देश हरला आहे.

इंग्लंडने २०२५ मध्ये राखीव खेळाडूंच्या जोरावर सामने फिरवायला सुरुवात केली आणि नोव्हेंबरात न्यूझीलंडला ३३–१९ असे हरवले. न्यूझीलंडला कोणत्याही स्पर्धेत मी पहिल्या चारांबाहेर ठेवणार नाही, वेलिंग्टननंतरही नाही. आयर्लंडचे दुखणे वेगळे. लिन्स्टर या प्रांतीय संघाचा कणा असल्यामुळे त्यांचा राष्ट्रीय संघ क्लबासारखा एकजीव खेळतो. मात्र २०२३ च्या उपांत्यपूर्व सामन्यात शेवटी सदतीस वेळा चेंडू पुढे नेऊनही त्यांना न्यूझीलंडची भिंत फोडता आली नाही. उपांत्यपूर्व फेरीपलीकडे ते कधीच गेलेले नाहीत. ज्या पिढीने त्यांना जगात पहिल्या क्रमांकावर नेले तिचे वय झाले आहे आणि पुढचे प्रॉप अजून तेवढे मुरलेले नाहीत. यजमान ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२५ मध्ये एलिस पार्कवर ०–२२ वरून ३८–२२ असा विजय खेचला. १९६३ नंतर त्या मैदानावरचा हा त्यांचा पहिलाच विजय. त्यानंतर नोव्हेंबरात युरोपातले चारही सामने ते हरले. पहिले पंधरा उत्तम, पुढचे आठ अजून तयार व्हायचे आहेत, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो.

इथवर मी ज्यांची नावे घेतली त्या सगळ्यांना दरवर्षी कठीण सामने मिळतात. आता ज्यांना ते उशिरा मिळाले त्यांच्याकडे वळतो.

अर्जेंटिनाने २००७ च्या विश्वचषकात यजमान फ्रान्सला दोनदा हरवून तिसरा क्रमांक मिळवला. त्यानंतरही दक्षिण गोलार्धाच्या वार्षिक स्पर्धेत प्रवेश मिळायला २०१२ उजाडले. जगात तिसरा आलेला संघ पाच वर्षे दाराबाहेर उभा होता. आत आल्यावर या स्पर्धेतला पहिला विजय २०१४ मध्ये मिळाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मधल्या काळात ते हरले आणि भरपूर हरले. २०१६ मध्ये जॅग्वारेस हा त्यांचा संघ सुपर रग्बीत, म्हणजे मुख्यतः दक्षिण गोलार्धातल्या व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये, आला आणि २०१९ मध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला. न्यूझीलंडवरचा पहिला विजय २०२० चा, सिडनीतला. मग २०२२ मध्ये क्राइस्टचर्च, २०२४ मध्ये वेलिंग्टन आणि २०२५ मध्ये स्वतःच्या प्रेक्षकांसमोर ब्युनॉस आयर्स. या तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. दोन वर्षांत पहिला विजय, आठ वर्षांत न्यूझीलंडवर विजय, आणि त्यानंतर असा विजय ही बातमी राहिली नाही. सोडतीच्या वेळी ते पहिल्या सहांत होते, म्हणूनच तिथे त्यांना गटाचे अग्रमानांकन मिळाले.

इटलीची गोष्ट मला याहून बोलकी वाटते, कारण तिथे धीराची खरी कसोटी लागली. २००० मध्ये पाच राष्ट्रांची स्पर्धा सहा राष्ट्रांची झाली, ती इटलीमुळे. पुढे २०१५ ते २०२२ या काळात या स्पर्धेत ते सलग छत्तीस सामने हरले. छत्तीस! इटलीला काढा अशी मागणी त्या वर्षांत किती वेळा झाली ते तुम्हाला मी सांगायला नको. पण इटलीला कोणी काढले नाही. दरवर्षी पाच कठीण सामने, दरवर्षी त्याच तोडीच्या आघाड्या, आणि पाठीशी ट्रेव्हिझो आणि पार्मा इथले दोन व्यावसायिक संघ. मार्च २०२२ मध्ये कार्डिफला वेल्सला २२–२१ असे हरवून ती मालिका तुटली. २०२४ मध्ये त्यांनी स्कॉटलंड आणि वेल्सला हरवले, फ्रान्सशी १३–१३ अशी बरोबरी केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाला नमवले. इटलीचा स्क्रम आता कोणालाही सोपा जात नाही. ज्यांनी त्या काळात इटलीची जागा राखली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. रग्बीतला तो फार शहाणपणाचा निर्णय होता. माझा प्रश्न एवढाच की हा धीर एकाच देशाच्या वाट्याला का यावा?

जपानकडे बघितले की उलटा प्रवासही दिसतो. १९ सप्टेंबर २०१५ रोजी ब्रायटनला त्यांनी दक्षिण आफ्रिकेला ३४–३२ असे हरवले. शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून बरोबरी साधता आली असती, पण त्यांनी स्क्रम घेतला आणि ट्राय करून, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून, सामना जिंकला. चारच दिवसांनी ते ग्लॉस्टरला स्कॉटलंडसमोर उभे राहिले. स्कॉटलंडचा तो स्पर्धेतला पहिला सामना होता, त्यांचे पाय ताजे होते. दुसऱ्या अर्धात जपान कोसळला, ४५–१०. गटात तीन सामने जिंकूनही बाद फेरी न गाठणारा तो पहिला संघ ठरला. प्रशिक्षक म्हणून मी याला जपानची हार मानत नाही, ती वेळापत्रकाची हार होती. २०२३ मध्ये तुम्ही स्पर्धा लांबवून प्रत्येक संघाला किमान पाच दिवसांची विश्रांती दिली आणि संघात तेहेतीस खेळाडू ठेवू दिले, ही चांगली सुधारणा झाली. पण दुसऱ्या बाजूला, २०१६ मध्ये सुपर रग्बीत आलेला त्यांचा सनवुल्व्ज संघ २०२० नंतर राहिला नाही. त्या संघातून तयार झालेल्यांनी २०१९ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंड दोघांना हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. २०२३ मध्ये ते गटातच बाद झाले. २०२५ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने त्यांना ६१–७ असे हरवले. आठवड्याचे कठीण सामने थांबले की पाच-सहा वर्षांत काय होते, ते या आकड्यांत आहे.

आता फिजी. हा संघ मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो किती पुढे जाऊ शकतो याची झलक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. २०२२ मध्ये फिजीयन ड्रुआ हा त्यांचा व्यावसायिक संघ सुपर रग्बीत आला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिजीने ट्विकनहॅमवर इंग्लंडला ३०–२२ असे हरवले आणि विश्वचषकात सेंट एतिएनला ऑस्ट्रेलियाला २२–१५ असे. ऑस्ट्रेलियावरचा त्याआधीचा विजय १९५४ चा होता. धावण्याची आणि हातातून चेंडू सोडण्याची कला फिजीकडे आधीपासून होती, ती कोणी शिकवलेली नाही. ड्रुआमुळे त्यात भर पडली ती सत्तराव्या मिनिटालाही लाइनआउट आणि स्क्रम शाबूत ठेवण्याची. जुलै २०२५ मध्ये सुव्हाला त्यांनी स्कॉटलंडला २९–१४ असे हरवले. त्या उकाड्यात, त्या प्रेक्षकांसमोर खेळणे पाहुण्यांना जड जाते, जसे डब्लिन किंवा पॅरिसला इतरांना जाते.

आणि तरीही जुलै २०२६ पासूनच्या, वरच्या बारा संघांच्या नव्या नेशन्स चॅम्पियनशिपच्या वेळापत्रकात फिजीचे ‘घरचे’ सामने कुठे? वेल्सविरुद्ध कार्डिफला, इंग्लंडविरुद्ध लिव्हरपूलला, स्कॉटलंडविरुद्ध एडिनबर्गला. फिजीच्या संघटनेने पैशासाठी हे मान्य केले असेल, तिची अडचण मी समजू शकतो. पण स्पर्धेची घडणच अशी हवी की कोणत्याही संघाला पैशासाठी आपले मैदान सोडावे लागू नये. क्रमवारीच्या सूत्रात यजमान संघाला तीन गुणांनी वरचढ धरले जाते. घरच्या मैदानाची किंमत तुम्ही स्वतःच ठरवून दिली आहे, तेवढी किंमत फिजीला मिळू द्या.

जॉर्जियाकडे फिजीइतकेही नाही. २०१८ ते २०२५ दरवर्षी ते युरोपातल्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेचे विजेते ठरले. त्यांचे प्रॉप फ्रान्सच्या क्लबांत इतके मानाचे आहेत की त्यांची ओळख करून द्यायला नको. जुलै २०२२ मध्ये बटुमीला त्यांनी इटलीला २८–१९ असे हरवले आणि नोव्हेंबरात कार्डिफला वेल्सला १३–१२ असे. कार्डिफच्या त्या सामन्याची शेवटची पाच मिनिटे मी माझ्या खेळाडूंना दाखवतो : वेल्सचा स्क्रम मोडला, पेनल्टी मिळाली आणि राखीव म्हणून आलेल्या लुका मात्कावाने ती साधली. पन्नासाव्या मिनिटानंतर स्क्रममध्ये न डगमगणारा हा संघ आहे. त्यांना कमी पडते ते खुल्या मैदानातल्या वेगाला तोंड देणे, आणि तो वेग रोमानिया किंवा स्पेनशी खेळून अंगवळणी पडत नाही.

क्रमवारीचे सूत्र त्यांना आणखी जखडून ठेवते. दोन संघांमधले अंतर दहा गुणांपेक्षा जास्त असेल तर वरच्या संघाला जिंकून काहीच मिळत नाही. म्हणजे जॉर्जियाने आपल्या स्पर्धेतल्या दुबळ्या संघाला पन्नास गुणांनी हरवले तरी त्यांचे गुण जागेवर राहतात, आणि हरले तर मात्र घसरण. वर चढायचे तर वरच्यांशी खेळायला हवे आणि वरचे खेळायला येत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिबिलिसीला जपान आला. अगदी शेवटच्या पेनल्टीवर जपानने २५–२३ असा विजय मिळवला आणि बारावा क्रमांक राखला. जॉर्जिया तेरावा राहिला, सोडतीत क्रमवारीनुसार पाडलेल्या तिसऱ्या पेटीत गेला आणि दक्षिण आफ्रिका, इटली, रोमानिया यांच्या गटात पडला. ज्या संघाला वर्षाकाठी असे जेमतेम एक-दोन सामने मिळतात त्याचे चार वर्षांचे भवितव्य अशा एका लाथेवर टांगलेले असते. इंग्लंड किंवा स्कॉटलंडला तसा एक सामना गमावला तर पुढच्या शनिवारी दुसरा असतो.

पोर्तुगालविषयी थोडक्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तुलूझला त्यांनी फिजीला २४–२३ असे हरवले, विश्वचषकातला त्यांचा पहिला विजय. जुलै २०२५ मध्ये लिस्बनला आयर्लंडकडून ते १०६–७ असे हरले, आणि त्या वेळी आयर्लंडचे बरेच बिनीचे खेळाडू लायन्सच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाच्या, दौऱ्यावर होते. दोन वर्षांच्या आत एवढी घसरण का झाली? प्रशिक्षक बदलले, काही खेळाडू थांबले, हे खरे आहे. पण विश्वचषकात जे कमावले ते टिकवायला लागणारे सामनेच त्यांना मधल्या काळात पुरेसे मिळाले नाहीत. चिली, उरुग्वे, सामोआ यांचेही तेच होत आहे. २०२३ मध्ये सामोआ इंग्लंडशी १७–१८ असा एका गुणाने हरला, आणि २०२७ ची पात्रता मिळवताना त्यांना शेवटच्या पात्रता स्पर्धेपर्यंत झगडावे लागले.

खेळाडूंना तीन वर्षांच्या खंडानंतर जन्माच्या किंवा पूर्वजांच्या देशाकडून खेळता येईल असा नियम २०२२ पासून तुम्ही लागू केला. टोंगा आणि सामोआला त्याचा फायदा झाला आणि मी त्याचे स्वागत केले होते. पण चांगले खेळाडू दोन आठवडे एकत्र आले म्हणून आघाडी तयार होत नाही. हूकर आणि त्याचे दोन प्रॉप यांना एकमेकांचा श्वास कळायला हंगाम लागतो.

आता मागणी. नव्या रचनेत वरच्या बारा संघांची एक स्पर्धा आणि उरलेल्या बारा संघांसाठी नेशन्स कप आहे. खालच्यांना निदान ठरलेले वेळापत्रक मिळाले, हे पूर्वीपेक्षा बरे आहे. पण वर जाण्याचे दार २०३० पर्यंत बंद ठेवले आहे, आणि तुमच्या रचनेतला सर्वांत चुकीचा भाग मला हाच वाटतो. आज एकवीस वर्षांचा असलेला जॉर्जियाचा प्रॉप २०३० मध्ये पंचविशीत असेल. त्याच्या वाढीची नेमकी तीच वर्षे तुम्ही बंद दाराआड घालवत आहात. २०२७ चा विश्वचषक संपला की २०२८ मध्ये खालच्या स्पर्धेचा विजेता आणि वरच्या स्पर्धेतला बारावा यांच्यात घरी आणि परगावी असे दोन सामने घ्या. जिंकेल तो वर.

वरून खाली येणाऱ्या संघटनेचे दिवाळे निघेल, प्रक्षेपणाचे करार मोडतील, असा आक्षेप येईल. तो मी हलका मानत नाही. स्कॉटलंड किंवा इटलीसारख्या संघटनेचा सगळा संसार या सामन्यांच्या उत्पन्नावर चालतो, मुलांच्या शाळा-क्लबांपर्यंतचा खर्च त्यातूनच निघतो. त्यासाठी खाली जाणाऱ्याचे उत्पन्न दोन वर्षे राखून ठेवण्याची तरतूद करा. व्यावसायिक खेळांत असे संरक्षण नवे नाही. दुसरा आक्षेप असा की एकतर्फी सामने होतील आणि प्रेक्षक पाठ फिरवतील. एकतर्फी सामने आजही होतात. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी कार्डिफला दक्षिण आफ्रिकेने वेल्सला ७३–० असे हरवले. तो सामना आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या कालावधीबाहेर ठेवला होता, त्यामुळे इंग्लंड आणि फ्रान्सच्या क्लबांत खेळणारे वेल्सचे खेळाडू मिळालेच नाहीत. वेल्सच्या खेळाडूंचा यात काय दोष? क्लबांवर खेळाडू सोडण्याचे बंधन नाही अशा तारखांना पूर्ण दर्जाचा आंतरराष्ट्रीय सामना भरवायला परवानगीच देऊ नका. आणि ज्या तारखांना बंधन आहे तिथे ते काटेकोर पाळले जाते ना, ते पाहा. पॅसिफिक बेटांच्या खेळाडूंवर ‘या वेळी नको’ म्हणण्यासाठी क्लबांचा दबाव येतो, हे या खेळात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

तिसरी गोष्ट पाहुण्यांनी प्रवास करण्याची. तिबिलिसी, सुव्हा, अपिया, नुकुआलोफा, माँटेव्हिडिओ, लिस्बन इथे पहिल्या सहांतल्या प्रत्येक संघाने चार वर्षांत किमान दोनदा पूर्ण ताकदीने जावे, असा नियम करा. आयर्लंड तिबिलिसी आणि लिस्बनला जाऊन आला, स्कॉटलंड सुव्हाला गेला. मग इतरांना का जमू नये?

सोडतीबाबत मात्र तुम्ही ऐकलेत, याची नोंद करतो. २०२३ च्या विश्वचषकाची सोडत डिसेंबर २०२० मध्ये, तीही त्या वर्षाच्या आरंभीच्या क्रमवारीवरून काढली होती. परिणामी जगातले सर्वोत्तम संघ एकाच बाजूला येऊन उपांत्यपूर्व फेरीतच एकमेकांना भिडले. २०२७ ची सोडत डिसेंबर २०२५ पर्यंत थांबवलीत, ते योग्य केलेत. निर्णय बदलता येतात हे यावरून दिसले, म्हणूनच २०३० ची अट बदलण्याची विनंती करायला मी धजावलो.

परिषदेत जुन्या मोठ्या संघटनांना तीन-तीन मते आहेत. दार उघडायचे की नाही, ते मुख्यतः त्यांच्याच हाती आहे. आजवर विश्वचषक फक्त चार देशांनी जिंकला : दक्षिण आफ्रिकेने चारदा, न्यूझीलंडने तीनदा, ऑस्ट्रेलियाने दोनदा, इंग्लंडने एकदा. २०२७ मध्येही विजेता पहिल्या पाच-सहांतूनच निघेल, असे माझे मत आहे. २०३५ चा अंदाज मी आज करू शकत नाही, आणि करता येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

इटली आणि जॉर्जिया एकाच गटात आले आहेत. एकाच्या पाठीशी पंचवीस वर्षांहून अधिक काळ दरवर्षीचे पाच कठीण सामने, दुसऱ्याच्या पाठीशी तेवढ्याच काळातली दाराबाहेरची प्रतीक्षा. मला इटलीचे पारडे थोडे जड वाटते, शेवटच्या वीस मिनिटांतल्या वेगामुळे. पण जॉर्जियाचा स्क्रम चालला तर निकाल उलटा लागू शकतो. तो कसाही लागो, त्या विश्वचषकानंतर जॉर्जियाचा वरच्या बारांतल्या संघाशी पुढचा सामना केव्हा, कुठे आणि वर जाण्याच्या कोणत्या अटीवर होईल, हे परिषदेने १ ऑक्टोबर २०२७ च्या आत लेखी जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक फॉरवर्ड्स प्रशिक्षक